पाणी टँकरमध्ये नाही, पिण्याच्या भांड्यात तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा होता: पूर, भूकंप किंवा चक्रीवादळानंतर निवारा केंद्र चालवायची वेळ आली, तर साथ रोखण्यासाठी स्वयंसेवकांच्या गटाने आधी काय करायचं? जंतुनाशक फवारणी, मृतदेहांची तातडीने विल्हेवाट आणि बाटलीबंद पाणी ही तुमच्या गटाची यादी बरोबर आहे का? आणि पैसे थोडेच असतील तर कोणतं साहित्य आधीपासून घेऊन ठेवावं?

यादीतल्या पहिल्या दोन गोष्टींनी साथ थांबत नाही. तिसरी फार तर सुरुवातीचे दोन-तीन दिवस भागवते. मी पाणी आणि स्वच्छतेच्या बाजूने आपत्तीत काम करतो, डॉक्टर नाही. त्यामुळे औषधोपचाराबद्दल इथे काही सांगणार नाही.

आपत्तीच्या मागोमाग साथ येणारच, असं सगळे धरून चालतात. तसं होतंच असं नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत दोन लाखांहून जास्त माणसं गेली, त्याच्या कितीतरी पट बेघर झाली, पण कॉलऱ्याची मोठी साथ कुठेही उसळली नाही. हैतीत उलट झालं. तिथे भूकंप झाला १२ जानेवारी २०१० ला आणि कॉलरा आला ऑक्टोबरात, तोही उद्ध्वस्त राजधानीत नव्हे, तर आधी आर्तिबोनित नदीच्या खोऱ्यात. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या एका तळावरचा मैला त्या नदीला मिळणाऱ्या ओढ्यात उतरला होता. पुढच्या काही वर्षांत आठ लाखांहून अधिक माणसं आजारी पडली आणि दहा हजारांच्या आसपास दगावली. डिसेंबर २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली.

जमीन हलली म्हणून कॉलरा होत नाही, मैला पाण्यात गेला की होतो. म्हणून कुठल्याही पथकाला माझा पहिला प्रश्न असतो तो त्यांच्याच तळाबद्दल: तुमचे शंभर-दोनशे लोक इथे राहणार, त्यांचा मैला कुठे जातोय? उत्तर बहुतेकदा ‘कंत्राटदार नेतो’ असं येतं. कंत्राटदार कुठे नेतो, हे टाकीच्या गाडीमागून जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही.

दुसरं उदाहरण झैरमधल्या (आजचा काँगो) गोमा शहराचं. जुलै १९९४ मध्ये रवांडातून पाच ते आठ लाख माणसं काही दिवसांत सीमा ओलांडून तिथे आली. शेजारी किवू सरोवर होतं, म्हणजे पाण्याला तोटा नव्हता. पण जमीन ज्वालामुखीच्या लाव्हाची, कुदळ लागेना, त्यामुळे शौचालयांचे खड्डे खणता येईनात. लोकांनी सरोवराचं पाणी तसंच प्यायला सुरुवात केली. पहिल्या महिन्यात जवळपास पन्नास हजार माणसं मेली, बहुतेक कॉलरा आणि रक्ती हगवणीने. मदतकार्यासाठी किमान मानकं असावीत, हा आग्रह त्या अनुभवानंतर वाढला आणि १९९७ मध्ये स्फिअर मानकांचं काम सुरू झालं. खाली मी जे आकडे देतोय त्यातले बरेचसे तिथलेच आहेत.

आता पाणी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या हातात सगळ्यात जास्त तेच आहे.

पहिल्या दिवसांत शुद्धतेइतकंच प्रमाण महत्त्वाचं. माणशी रोज १५ लिटर हे पिणं, स्वयंपाक आणि अंगाची स्वच्छता मिळून धरायचं; अगदी अडचणीच्या वेळी साडेसात लिटरपर्यंत खाली जाता येतं, पण त्यावर फार दिवस काढता येत नाहीत. बाटलीबंद पाण्याचं गणित इथेच बिघडतं. एक लिटरच्या दोन बाटल्या दिल्या की पिण्यापुरतं झालं, पण हात कशाने धुवायचे? रक्ती हगवण, खरूज, डोळे येणं हे पाणी कमी पडल्याचे आजार आहेत, आणि पिण्याचं पाणी कितीही शुद्ध असलं तरी ते पसरतात. एका नळामागे २५० माणसं, हातपंपामागे ५००, आणि रांगेत अर्ध्या तासाहून जास्त थांबावं लागू नये, एवढं बघा. रांग लांबली की माणसं जवळच्या डबक्याकडे वळतात आणि तुम्ही शुद्ध केलेलं पाणी टाकीतच राहतं.

गढूळ पाण्यात क्लोरीन टाकणं म्हणजे पावडर वाया घालवणं. मातीच्या कणांमागे जंतू लपतात आणि सेंद्रिय घाण क्लोरीन खाऊन टाकते. आधी पाणी निवळू द्या, लागली तर तुरटी फिरवा, वरचं नितळ पाणी दुसऱ्या टाकीत घ्या. काचेच्या ग्लासात पाणी धरून पलीकडचं छापील अक्षर स्पष्ट दिसत नसेल तर अजून थांबायला हवं. हा काही प्रयोगशाळेचा निकष नव्हे. मानक ५ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आतलं आहे आणि ते मोजायची नळी मिळते. पण हाताशी काहीच नसताना ग्लास चालतो.

क्लोरीन किती टाकायचं, हे कुठल्याही तक्त्यावरून ठरवू नका. प्रत्येक पाण्याची भूक वेगळी असते आणि पाऊस पडून गेला की त्याच विहिरीची भूक बदलते. चार बादल्यांची चाचणी करा. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे.

आधी १ टक्क्याचं द्रावण करा. ब्लीचिंग पावडर, म्हणजे आपली टीसीएल, ताजी असेल तर तिच्यात ३० ते ३३ टक्के क्लोरीन असतं. एक लिटर पाण्यात साधारण ३३ ग्रॅम घाला. एचटीएच (जास्त तीव्रतेची क्लोरीन पावडर) मिळालं तर ते ६५ ते ७० टक्क्यांचं असतं, मग १५ ग्रॅम पुरतं. पावडर पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही. भांडं प्लास्टिकचं, वारा पाठीशी, तोंडावर मास्क. चुना तळाशी बसला की वरचं स्वच्छ द्रावण बाटलीत भरून सावलीत ठेवा. आता जे पाणी शुद्ध करायचं आहे त्याच्या वीस-वीस लिटरच्या चार बादल्या भरा. त्यांना १, २, ३, ४ असे आकडे घाला आणि सिरिंजने अनुक्रमे १, दीड, २ आणि अडीच मिलिलिटर द्रावण टाका. ढवळा, झाका, अर्धा तास थांबा. मग प्रत्येक बादलीतलं पाणी पूल टेस्टरच्या (रंग जुळवून क्लोरीन मोजायची छोटी पेटी) खाचेत घ्या आणि डीपीडीची गोळी टाका. (गोळीला बोट लावू नका, पाकीट फाडून थेट आत पाडा.) क्लोरीन उरलेलं असेल तर पाणी गुलाबी होतं. पहिल्या बादलीत बहुधा काहीच रंग येत नाही, म्हणजे टाकलेलं सगळं क्लोरीन घाणीने खाल्लं. दुसरीत जेमतेम फिकट. ज्या बादलीचा रंग तुम्हाला हव्या असलेल्या शेष क्लोरीनशी (घाणीने खाऊन पाण्यात उरलेलं क्लोरीन) जुळतो, तिचं प्रमाण टाकीला लावायचं. समजा तिसरी बादली जुळली, म्हणजे वीस लिटरला २ मिलिलिटर. दहा हजार लिटरच्या टाकीत अशा पाचशे बादल्या. म्हणून एक लिटर द्रावण. चारही बादल्या रंगहीन राहिल्या तर पाणी अजून निवळलेलं नाही किंवा पावडर मेलेली आहे. उघड्या पोत्यातली, ओलसर खोलीत पडलेली पावडर महिन्याभरात कुचकामी होऊ शकते आणि तिचा वास मात्र येतच राहतो. वासावर जाऊ नका.

‘हवं असलेलं’ शेष क्लोरीन किती? पुस्तकी उत्तर आहे लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम. ते कुठे असायला हवं, यावर मात्र सगळं अडतं. टँकरवाला भरताना मोजतो, वहीत ०.५ लिहितो, सही होते, आणि तेच पाणी सहा तास उन्हात उभं राहतं, मग नळकोंडाळ्यावर, मग उघड्या बादलीत, मग रात्रभर झोपडीत. पहाटे मूल जेव्हा त्यातून पाणी पितं तेव्हा क्लोरीन शून्य असतं, आणि रात्री त्या बादलीत कुणाचा तरी हात गेलेला असतो. म्हणून माझा एकच हट्ट आहे: पाणी जिथे प्यायलं जातं तिथे तपासा. रोज सकाळी पाच-दहा कुटुंबांकडे जा. ‘काल भरलेलं पाणी दाखवता का’ असं नीट विचारा, भांडं कसलं आहे, झाकण आहे का, पाणी काढतात कसं ते बघा आणि तिथेच गोळी टाका. भांड्यात ०.२ हून कमी आलं तर नळावरचं प्रमाण वाढवत न्या. कॉलऱ्याचा धोका असेल तर नळकोंडाळ्यावर १ आणि टँकर भरताना २ मिलिग्रॅमपर्यंत जावं लागतं. ‘वास येतो’ अशी तक्रार येईल. तेव्हा दोन गोष्टी सांगाव्या लागतात: हे इजा करणारं प्रमाण नाही, आणि पाणी थोडा वेळ ठेवलं की वास उतरतो. पण ते सांगायला माणूस नळावर उभा हवा. पत्रक चिकटवून भागत नाही.

भांडं बदलल्याचाही फरक पडतो. मलावीतल्या एका निर्वासित छावणीत अरुंद तोंडाच्या, झाकण आणि तोटी असलेल्या बादल्या वाटून बघितल्या होत्या. पाण्याचा स्रोत तोच, माणसं तीच, पण पाच वर्षांखालच्या मुलांमधला अतिसार जवळपास एक तृतीयांशाने घटला. कारण साधं आहे: तशा बादलीत हात जातच नाही. प्रत्येक कुटुंबाला दोन भांडी द्या, एक आणायला आणि एक साठवायला. साठवायच्या भांड्याला तोटी असलीच पाहिजे. पैसे कमी असतील तर मी जास्तीची शुद्धीकरण यंत्रं सोडीन, पण तोटीच्या बादल्या सोडणार नाही.

क्लोरीनची मर्यादाही ध्यानात ठेवा. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी त्याला दाद देत नाहीत. तिथे गाळणी किंवा उकळी लागते. पाण्याला खळखळून उकळी फुटली की एक मिनिट पुरतं, उंच डोंगराळ भागात तीन मिनिटं. पण छावणीत शेकडो कुटुंबांनी रोज उकळायचं म्हटलं तर सरपण कुठून आणणार, हा हिशेब कुणी करत नाही. जंतूंच्या प्रयोगशाळा चाचणीला एक दिवस जातो. शेष क्लोरीन मिनिटभरात कळतं. दोन्ही करा, पण रोजचे निर्णय गोळीवर घ्या.

शौचालयांची कहाणी वेगळी आहे. तिथे आकडा पूर्ण होतो आणि वापर होत नाही. सुरुवातीला ५० माणसांमागे एक, मग शक्य तितक्या लवकर २० माणसांमागे एक, आणि बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट, हे मानक कागदावर गाठणं अवघड नाही. पण बायका अंधारात तिथे जात नसतील, कडी आतून लागत नसेल, पाणी नसेल, तर ते शौचालय मोजायचंच नाही. मी पाहणीला पहाटे जातो आणि आधी शौचालयाकडे न जाता त्याच्या मागच्या बाजूला, झुडपांकडे, नाल्याकाठी जातो. तिथे ताज्या पाऊलवाटा पडलेल्या असतील तर उत्तर मिळालं. मग परत येऊन कड्या, दिवे, उताराच्या पायऱ्या आणि मासिक पाळीचे कपडे टाकायला डबा आहे का, ते बघायचं. जागा ठरवतानाच बायकांना विचारलं असतं तर यातलं निम्मं काम वाचलं असतं. बायकांना न विचारता उभी राहिलेली शौचालयं बहुधा नंतर हलवावीच लागतात. लहान मुलांच्या विष्ठेकडे कुणाचं लक्ष नसतं, आणि ती मोठ्यांच्या विष्ठेइतकीच, कधी जास्तही धोकादायक असते. मोठ्या भोकाला मुलं घाबरतात; त्यांच्यासाठी पॉटी आणि ती रिकामी करायला जागा ठेवा.

खड्डा पाण्याच्या स्रोतापासून किमान ३० मीटर दूर, आणि तळ भूजलाच्या किमान दीड मीटर वर. पुराच्या प्रदेशात हे दुसरं जमतच नाही, कारण हातभर खणलं की पाणी लागतं. मग चौथरा बांधून उंचावर टाकी बसवावी लागते. खडकावरही तेच. आणि टाकी आली की उपसा आला. माणशी रोज मलमूत्र मिळून एक ते दोन लिटर धरा. हजार माणसांचं निवारा केंद्र म्हणजे रोज एक ते दोन हजार लिटर. पाच हजार लिटरची गाडी तीन-पाच दिवसांत भरते, वापरलेलं पाणी त्यात आलं तर त्याच्या आधीच. ही गाडी कुठे रिकामी होणार, ते शौचालय बसवायच्या आधी ठरायला हवं. शुद्धीकरण केंद्र बंद पडलेलं असेल तर नदी-नाल्यापासून दूर चर खणून, मैल्यात भिजवलेला चुना मिसळून सामू (पीएच) १२ च्या आसपास नेऊन जंतू मारता येतात. हे घाण, कष्टाचं आणि बिनकौतुकाचं काम आहे. छायाचित्रात यायला कुणी तिथे येत नाही.

साबण: माणशी महिन्याला २५० ग्रॅम अंगाला, २०० ग्रॅम कपड्यांना. सॅनिटायझर मातीने-चिखलाने बरबटलेल्या हातांवर चालत नाही. हात धुवायची जागा शौचालयाच्या दारातच हवी, पलीकडच्या कोपऱ्यात नको.

आता तुमच्या यादीतली फवारणी. रस्त्यावर, भिंतींवर, चिखलावर जंतुनाशक मारून रोग थांबत नाही. सेंद्रिय चिखलात ते काही मिनिटांत निष्प्रभ होतं. माणसांवर तर मारूच नका. डोळे-फुफ्फुसांना इजा होते आणि फायदा शून्य. धूरफवारणीचंही जवळपास तसंच. ती फक्त त्या क्षणी उडत असलेले डास मारते. महापुराने आधीच्या बहुतेक अळ्या वाहून नेलेल्या असतात. डासांची खरी लाट काही आठवड्यांनी, डबकी आणि भंगारातलं पाणी साचल्यावर येते. तोपर्यंतचा काळ तुमचा आहे: टायर, डबे, उघडी पिंपं, पाणी साठलेल्या ताडपत्र्यांच्या खोळा आठवड्यातून एकदा ओतून कोरड्या करा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवणीच्या पाण्यात वाढतो, हे विसरून आपण पाणी साठवायला उघडी पिंपं वाटतो.

पुराच्या पाण्यात चालणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा (उंदीर-गुरांच्या लघवीतून पाण्यात येणाऱ्या जंतूंचा ताप) धोका असतो. सप्टेंबर २००९ च्या केत्साना वादळानंतर मनिलात त्याची मोठी साथ आली होती. गमबूट, जखमेवर जलरोधक पट्टी, आणि ताप आला की ‘मी पुराच्या पाण्यात होतो’ हे डॉक्टरांना आपणहून सांगणं, ही तीन कामं स्वयंसेवकांनी स्वतःसाठीही करायची. प्रतिबंधक औषध द्यायचं की नाही ते आरोग्य विभाग ठरवेल.

मृतदेहांबद्दल. भूकंपात किंवा पुरात गेलेली माणसं इजेने, बुडून, दबून मेलेली असतात, साथीच्या रोगाने नव्हे. त्यांच्यामुळे साथ पसरत नाही. कॉलरा किंवा इबोलासारख्या आजाराने मृत्यू झाला असेल तर गोष्ट वेगळी. २००६ पासून जागतिक आरोग्य संघटना आणि रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय संस्था मिळून हेच सांगताहेत, तरी प्रत्येक आपत्तीत कुणीतरी सामूहिक खड्डा आणि वर चुन्याची पोती मागवतंच. घाईने पुरलेल्या माणसाची ओळख पटत नाही. मग कुटुंब वर्षानुवर्षं शोधत राहतं, वारसाचे कागद अडतात. देह हाताळणाऱ्याला हातमोजे, बूट आणि नंतर साबणाने हात धुणं एवढं पुरतं. प्रत्येकाला क्रमांक, छायाचित्र, अंगावरच्या वस्तू त्याच पिशवीत, आणि तात्पुरतं दफन केलंच तर वेगवेगळ्या, खूण केलेल्या जागी. विहिरीत किंवा साठवण टाकीत देह सापडला असेल तर मात्र ते पाणी बंद करून उपसायला आणि निर्जंतुक करायलाच हवं.

हवेकडे फार कमी लक्ष जातं. वीज गेली की जनरेटर घरात, जिन्याखाली, गॅरेजमध्ये चालू होतात, बंद खोलीत शेगड्या पेटतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस आडवा होतो आणि उठत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमध्ये कडाक्याच्या थंडीत वीज गेल्यावर अशाच प्रकारे माणसं मेली. जनरेटर खिडक्या-दारांपासून किमान सहा मीटर दूर, धुराड्याचं तोंड घराच्या उलट दिशेला. पाऊस येतो म्हणून तो ओढून व्हरांड्यात आणतात, आणि अपघात तिथेच होतात. एकाच घरातल्या दोघा-तिघांची एकाच वेळी डोकी दुखू लागली तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, कारण नंतर शोधा.

ढिगाऱ्याची धूळ निव्वळ धूळ नसते. जुन्या छपरांच्या पत्र्यांत, पाइपांच्या वेष्टणात ॲस्बेस्टॉस (फुफ्फुसांना घातक तंतू) असतं. असे पत्रे फोडू नका, कापू नका, पाण्याने भिजवून अख्खे उचला, वेगळे ठेवा. धुळीतून जिवंत जंतूही येतात: १७ जानेवारी १९९४ च्या कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिज भूकंपात दरडी कोसळून उठलेल्या धुळीतून व्हेंचुरा परगण्यात एका बुरशीचा आजार पसरला, २०३ जण आजारी पडले, तिघे दगावले. ढिगारा उपसणाऱ्याला कापडी मास्क पुरत नाही; एन९५ किंवा त्याच्या तोडीचा हवा. आणि ढिगारा जाळू नका. रंगवलेलं लाकूड, वायर, प्लास्टिक एकत्र पेटलं की विषारी धूर अख्ख्या वस्तीवर बसतो.

रसायनांच्या बाबतीत तुमचा गट काही करू शकत नाही, असं वाटेल. एक गोष्ट करू शकतो: आधी नकाशा. आपल्या परिसरात पुराच्या रेषेखाली कीटकनाशकांची गोदामं, इंधनाच्या टाक्या, शीतगृहांतला अमोनिया, पाणी शुद्धीकरण केंद्रातली क्लोरीनची नळकांडी कुठे आहेत? पाण्यावर तेलाचा तवंग किंवा उग्र वास असेल तर ते पाणी क्लोरीनने किंवा उकळून सुधारत नाही. २०१८ च्या कॅम्प फायर वणव्यानंतर कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज गावच्या नळांत बेंझीन हे कर्करोग करणारं रसायन सापडलं. आगीत पाण्याचा दाब गेला, जळालेल्या घरांतला धूर आणि वितळलेल्या प्लास्टिकचे अंश पाइपांत शिरले. तसं पाणी उकळणं उलट धोक्याचं, कारण बेंझीन वाफेबरोबर स्वयंपाकघरात पसरतं. ‘उकळून प्या’ हा सल्ला जंतूंसाठी आहे. रसायनाचा संशय असेल तिथे तो देऊ नका, स्रोतच बदला.

घरी परतल्यावरचं थोडं. पुरात बुडालेली विहीर आधी बघा: कठडा, भेगा, शेजारचा शोषखड्डा. मग गाळ काढा, जास्त प्रमाणात क्लोरीन घालून पाणी हलवा, रात्रभर राहू द्या, नंतर उपसून वास कमी होईपर्यंत वापरू नका. समुद्रकाठी मात्र उपशाला आवर घाला. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेच्या किनाऱ्यावर खारट झालेल्या विहिरी पुन्हा पुन्हा उपसल्या गेल्या, आणि गोड्या पाण्याचा पातळ थर निघून जाऊन खालचं खारं पाणी वर येऊ लागलं. तिथे पावसाची वाट बघणं हाच उपाय होता आणि तोवर पाणी बाहेरून आणणं. भिंती कोरड्या होईपर्यंत दारं-खिडक्या उघड्या ठेवा. भिजलेल्या गाद्या एक-दोन दिवसांत वाळल्या नाहीत तर बुरशी धरतेच, टाकून द्या. ब्लीच ॲसिडमध्ये किंवा अमोनियाच्या क्लीनरमध्ये मिसळू नका, विषारी वायू निघतो. आणि चार तासांहून जास्त वीज नव्हती तर फ्रिजमधलं नाशवंत अन्न चाखूनही बघू नका.

साहित्याचं शेवटी. माझ्या क्रमाने: पूल टेस्टर आणि डीपीडीच्या गोळ्या, झाकण-तोटीच्या बादल्या, सिरिंज आणि २० लिटरच्या साध्या बादल्या, टीसीएल हवाबंद डब्यात, तुरटी, साबण, कुदळी-फावडी, दोर आणि खुंट्या (शौचालयाची जागा आखायला), बॅटरीचे दिवे, आतल्या कड्या, भिजवायचा चुना, गमबूट, एन९५ मास्क, आणि जमलं तर प्रत्येक केंद्रासाठी कार्बन मोनॉक्साइडचा एक अलार्म. फवारणी यंत्र यादीत नाही. गोळ्यांच्या पाकिटावर मुदत छापलेली असते आणि टीसीएलवर छापलेली असली तरी ती उघड्या पोत्याला लागू नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी चार बादल्यांची चाचणी सरावासाठी करा: नव्या स्वयंसेवकांचा हात बसतो, आणि पावडर जिवंत आहे की नाही तेही त्याच वेळी कळतं.